दोन्ही टोकांचं परमिट

४ नोव्हेंबर

ही वही गणित-तीनची आहे. सुरुवातीची वीस-पंचवीस पानं भरलेली, बाकी कोरी. त्या विषयात दोनदा नापास झालो आणि तिसऱ्यांदा बसायच्या आधी सरांची कॉलर धरली. कॉलेज सुटलं, वही राहिली.

आई-अण्णा काल टोळीबरोबर उसाला गेले, कोल्हापूरकडं. आता चार-पाच महिने घरात मी एकटा. ट्रकमध्ये चढताना आई म्हणाली, "भाकरी शेजारच्या वच्छलाबाई टाकून देतील. सिदू, कुनाशी भांडू नको." भांडू नको हे तिनं दोनदा सांगितलं.

नोकरीला दोन महिने झाले. युसूफ वडगावच्या पुढं माळावर सोलर प्लांट आहे. शेतकऱ्यांच्या मोटारी दिवसा चालाव्यात म्हणून बांधलेला. मी कंट्रोल रूममध्ये बसून पडद्याकडं बघतो. दर तासाला उपकेंद्राशी फोन होतो. किती वीज बनली आणि लाइनला व्होल्टेज किती, ते मी सांगायचं. तिकडं दिपाली असते, उपकेंद्राची ऑपरेटर.

"बोला, प्लांट."

"तीन पॉइंट दोन मेगावॅट. व्होल्टेज अकरा पॉइंट पाच."

"लिहिलं."

दिवसातून दहा वेळा एवढंच. पण ते 'लिहिलं' ती ज्या आवाजात म्हणते, त्यासाठी मी पाच मिनिटं आधीपासून घड्याळाकडं बघत बसतो. वही काढली ती तिच्यामुळंच. इथं खोटं कशाला लिहू.

९ नोव्हेंबर

दुपारी बाराच्या पुढं लोक मोटारी बंद करून जेवायला जातात. नेमकं तेव्हाच ऊन डोक्यावर. वीज धो-धो बनते आणि घेणारं कुणी नाही. मग व्होल्टेज चढत जातं आणि फार चढलं की प्लांट स्वतःला वाचवायला बंद पडतो. प्लांट पडला की आमचे साइट इनचार्ज सुरज सर माझ्यावर ओरडतात, जसं काही ऊन मीच पाडलं.

यावर इलाज दिपालीच्या हातात. उपकेंद्राच्या ट्रान्सफॉर्मरचा टॅप एक पायरी खाली घेतला की व्होल्टेज उतरतं. आज मी नुसतं म्हटलं, "मॅडम, अकरा पॉइंट नऊ झालं, जरा बघता का?" दोन मिनिटांत उतरलं. माझ्या एका शब्दावर.

मी विचारलं, "जेवलात का?"

"टॅप खाली घेतलाय. ठेवते."

लाजते.

१४ नोव्हेंबर

आज सात मोटारी जळाल्या.

टॅप दुपारसाठी खाली घेतलेला होता. एकदम नांदूरघाटाकडून ढग आला. प्लांटवर सावली पडली आणि मिनिटभरात साडेतीन मेगावॅटचं पाऊण झालं. व्होल्टेज कोसळलं. टॅप वर घ्यायला वेळ लागतो, ढगाला नाही लागत. तेवढ्यात विहिरींवरच्या मोटारी घरघरल्या आणि जळाल्या.

चार वाजता गेटवर पंधरा-वीस माणसं. बजरंग नाना पुढं. म्हणाले, "तुमच्या काचा आमच्या छातीवर मांडल्या आन् मोटारी आमच्याच जाळता व्हय बे?" मी समजावून सांगत होतो. खरंच सांगत होतो. तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "ह्यालाच काय कळतंय, हा तर कॉलेजातनं हाकलेला." मग मी त्याची गचांडी धरली.

वाहेदभाई आले म्हणून वाचलो. वाहेदभाई आमच्या लाइनचे लाइनमन, पंचेचाळिशीचे, कंत्राटी. सायकलच्या ट्यूबनं बांधलेला पक्कड-पान्ह्याचा डबा घेऊन सगळ्या पंचक्रोशीत फिरतात. माझा हात सोडवत म्हणाले, "अरे इंजिनेर, ढगाला मार ना! ढग पळून गेला आन् तू गरिबाला धरलास." सगळे हसले. मग नानांना म्हणाले, "मोटारी माझ्या अरमानकडं टाका. पोरगं परवापर्यंत नवी तार भरून देतंय."

परत जाताना मला म्हणाले, "तू परीक्षेचा फॉर्म भर बे. हे गळे धरायचं काम न्हाई तुझं."

"भरतो."

"कदी?"

"भरतो म्हटलं ना, भाई."

२० नोव्हेंबर

प्लांटला बॅटरी आली. दोन कंटेनर भरून. हैदराबादचा एक इंजिनिअर आठवडाभर राहिला आणि जोडून गेला. आता ढग आला तर बॅटरी लगेच तूट भरून काढणार, ऊन जास्त झालं तर ती पिऊन घेणार. मोटारी जळणार नाहीत.

मला त्यानं नीट समजावलं, कारण मी विचारत होतो. आधीचा प्लांट ग्रिडच्या मागं चालायचा. ग्रिड गेली की त्याला तालच कळायचा नाही, बंद व्हायचा. आता बॅटरी स्वतः ताल धरते. ग्रिड गेली तरी प्लांट लाइन जिवंत ठेवू शकतो. हे ऐकताना अंगावर काटा आला. कॉलेजात असं एकानं सांगितलं असतं तर कॉलर धरायची वेळ आली नसती.

जाताना तो तीनदा म्हणाला, आता लाइनला दोन्ही टोकांनी वीज आहे. लाइनमननं चढायच्या आधी दोन्ही टोकांचं परमिट घ्यायचं. उपकेंद्रानं ब्रेकर काढायचा आणि फोनवर खात्री करून प्लांटनंही काढायचा. तसा कागद उपकेंद्रात लागला. लाइनमन लोकांना तुझ्या भाषेत सांग, असं मला बजावलं.

संध्याकाळी वाहेदभाईंबरोबर नाक्यावर चहा घेतला. बॅटरी कशी ताल धरते ते मी सांगत होतो. ते म्हणाले, "बरं बरं, आन् त्या उपकेंद्रवालीचं काय झालं? तिनं ताल धरला का?" मग विषय तिकडंच गेला. म्हणाले, "बे, पोरगी फोनवर आकडे लिहिते म्हंजे तुझं नाव लिहिते व्हय?" मीपण हसलो. बराच वेळ बसलो.

२३ नोव्हेंबर

सुट्टी होती. बालाघाटातली सीताफळं आणली, शेवटची, निवडून डोळे उघडलेली. पिशवी घेऊन उपकेंद्रात गेलतो.

पहिल्यांदा तिला जवळून पाहिलं. आवाजापेक्षा लहान दिसते. मी म्हटलं, "मी प्लांट."

ती उठून उभी राहिली. टेबलाच्या पलीकडंच. म्हणाली, "इथं परवानगीशिवाय येता येत नाही."

"सीताफळं आणली होती."

"नको. सिदू, फोनवर फक्त रीडिंग सांगत जा. बाकी काही विचारू नका. जेवलात का, घरी कोण असतं, काही नको."

मी म्हटलं, "मी काय वाईट विचारलं का?"

ती दाराकडं बघत राहिली, कुणी येतंय का म्हणून. पिशवी तिथंच ठेवून आलो. घाबरली असेल लोकांना. खेड्यात लोक बोलतात.

२५ नोव्हेंबर

सुरज सरांनी बोलावलं. "मॅडमनी तक्रार केलीय. त्रास देतो म्हणे तू."

त्रास! मी!

सीताफळंही परत पाठवली, वॉचमनच्या हाती. पिकून फुटली होती. ढोरांना टाकली.

ठीक आहे. फक्त रीडिंग हवं ना? रीडिंगपण मिळणार नाही. आज दुपारपासून तिचा फोन उचलला नाही. तीन तास रकाना कोरा ठेवायला लागला असेल. बसू दे विचार करत.

२८ नोव्हेंबर

काल काय झालं ते क्रमानं लिहितो. पुढं कुणीतरी विचारणारच आहे.

सकाळपासून फोन उचलत नव्हतो. दहाचं नाही, अकराचं नाही. बारा पस्तीसला पडद्यावर दिसलं, ग्रिड गेली. आधी अशा वेळी सगळं बंद पडायचं. काल पडलं नाही. बॅटरीनं धरून ठेवलं. पन्नास हर्ट्झ, अकरा पॉइंट शून्य, रेषा दोरी ताणल्यासारखी सरळ. लाइनवरच्या आठ-दहा मोटारी चालूच राहिल्या. आमचा प्लांट एकट्यानं उभा होता. मी खुर्चीतून उठलो. फोटो काढायला प्लांटचा मोबाइल हातात घेतला, तेवढ्यात त्यावर तिचं नाव आलं.

फोन कापला आणि फोटो काढला.

परत आला. परत कापला. तिसऱ्यांदा आला तेव्हा उलटा करून ठेवला.

बारा सेहेचाळीसला रेषेला एक दात आला आणि मग सगळं सपाट. प्लांट बंद. मला वाटलं कुणाची तरी मोटार गेली. मी शिव्या घातल्या.

नांदूरघाट रोडच्या खांबावर इन्सुलेटर फुटला होता. तो बदलायला वाहेदभाई चढले होते. चढायच्या आधी लाइन जमिनीला जोडायचा अर्थिंगचा रॉड त्या दिवशी दुसऱ्या गँगकडं होता. तीन गँगमध्ये एकच रॉड आहे. रॉड लावला असता तरी लाइन जिवंत आहे ते कळलं असतं.

आता हात चालत नाही पुढं.

३० नोव्हेंबर

अंबाजोगाईला गेलो. वॉर्डाच्या बाहेर सायराभाभी आणि अरमान बसले होते. वाहेदभाईंचा उजवा हात खांद्यापासून काढलाय. डावा गुंडाळलेला. छातीपण भाजलीय. शुद्धीवर आहेत. मला वाटलं होतं शुद्धीवर नसतील, म्हणून तर गेलो होतो.

"आला का इंजिनेर," म्हणाले. आवाज अगदी बारीक. "फॉर्म भरला?"

मी मान हलवली. कशी हलवली कुणास ठाऊक.

थोडा वेळ वर पंख्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "एक सांग बे. प्लांट बंद व्हता ना?"

मी काय सांगू शकत होतो ते सगळं मला त्या वेळी माहीत होतं. रेषा सरळ होती, ते माहीत होतं. मी म्हटलं, "व्हता, भाई."

"मंग माझंच चुकलं आसंल," म्हणाले. "दुसऱ्या लाइनीला हात लागला आसंल. पंचवीस वर्षं झाली, कदी आसं झालं न्हाई."

भाभी पाणी घेऊन आल्या. मी निघालो. जिन्यात बसून राहिलो. एका बाईनं विचारलं, "कोण गेलं तुमचं?" मी म्हटलं, "कुणी नाही, जिवंत आहेत."

३ डिसेंबर

वाहेदभाई गेले. सकाळी कळलं, दुपारी दफन. मी मागच्या रांगेत उभा होतो. अरमाननं मिठी मारली. त्याच्या अंगाला मोटारीच्या वार्निशचा वास येत होता.

८ डिसेंबर

सुरज सरांनी केबिनचं दार लावून घेतलं. पहिल्यांदाच मला बस म्हणाले.

"चौकशी लागलीय. विद्युत निरीक्षक येणार. तुला विचारतील, फोन का उचलला नाही. तू सांग, रेंज नव्हती. माळावर नसतेच रेंज, सगळ्यांना माहीत आहे. आणि तो फोटो काढून टाक."

"मग दोष कुणावर जाईल, सर?"

"लाइनमन स्वतःच म्हणाला ना, माझं चुकलं? त्याची बायकोच सांगतेय सगळ्यांना. आणि नाहीच पटलं त्यांना, तर उपकेंद्राच्या मॅडमवर. खात्री न करता परमिट दिलं. आपण मधे येतच नाही."

आधी असा माणूस समोर असता तर टेबल उलटं केलं असतं. आज टेबलाला हातही लागला नाही माझा.

११ डिसेंबर

वच्छलाबाई भाकरी द्यायला आल्या तेव्हा म्हणाल्या, "वाहेदच्या घरी गेलते. लई वाईट. सायरा म्हणती, चूक त्यांचीच, त्यांनीच मरताना सांगितलं, कुनाला बोल लावायचा न्हाई. अरमान पण तेच धरून बसलाय. बापानं अशी गफलत कशी केली म्हणून पोरगं भितीवर डोकं आपटतंय."

फोटो अजून काढून टाकलेला नाही. रोज बघतो. किती सरळ रेषा आहे.

१५ डिसेंबर

चौकशी झाली, तालुक्याच्या विश्रामगृहात.

दिपाली आधी होती. भावाला बरोबर घेऊन आलेली. चौकशीला भाऊ कशाला, मला कळेना. व्हरांड्यात मी एक पाऊल पुढं टाकलं, तर भाऊ मधे येऊन उभा राहिला. ती त्याच्या मागं गेली, अगदी खांद्याआड. तेव्हा कळलं, भाऊ माझ्यासाठी आणला होता.

तिचं आतलं बोलणं दारातून ऐकू येत होतं. "मी ब्रेकर काढला, पण परमिट दिलं नव्हतं. म्हटलं, वाहेदभाई थांबा, प्लांटचं कळलेलं नाही. ते म्हणाले, ताई, ग्रिड गेली की त्यांचं आपोआप बसतंय, आन् सिदू तिथंच हाय. शेतकरी ओरडत होते, ते चढले. मी तिसऱ्यांदा फोन लावतच होते." मग निरीक्षक म्हणाले, पाणी घ्या.

मग तिचं रजिस्टर मागितलं. माझी पाळी आली तेव्हा ते टेबलावर उघडंच होतं. पंचवीस तारखेपासूनची पानं. जिथं जिथं मी रीडिंग दिलं नाही तिथं कोरं नव्हतं. प्रत्येक तासाला, त्याच अक्षरात: प्लांटला फोन केला, उत्तर नाही. प्लांटला फोन केला, उत्तर नाही. वरिष्ठांना कळवले. प्लांटला फोन केला, उत्तर नाही.

निरीक्षक वयस्क होते, चष्मा कपाळावर. "रेंज नव्हती का?"

मी प्लांटचा मोबाइल टेबलावर ठेवला. फोटो उघडून दिला. वर वेळ होती, बारा एकोणचाळीस. मग कॉलची यादी उघडली, त्यात तिचे तीन फोन आलेले होते.

"रेंज होती, साहेब. फोन मीच कापला. प्लांट चालूच होता. अकरा मिनिटं चालू होता. मी बघत होतो."

सुरज सर मागं खुर्चीत हलले, ते ऐकू आलं.

"कावून कापला?" साहेबही आमच्याकडचेच निघाले.

"राग होता."

ते लिहिणाऱ्याला म्हणाले, "वैयक्तिक कारणास्तव, असं घे."

मी म्हटलं, "न्हाई साहेब, राग लिहा. ती मला न्हाई म्हणाली होती, त्याचा राग. आन् दोन्ही टोकांचं वाहेदभाईंना मी सांगायचं होतं. तेपण सांगितलं न्हाई, चहा पीत बसलो."

साहेबांनी चष्मा खाली घेतला. "दुसरं लिहितो. पहिल्यात त्या मुलीचं नाव यायला नको. तिला अजून नोकरी करायचीय. तुझा राग तुझ्याजवळ ठेव."

सही केली. सर बाहेर म्हणाले, "पोलीस केस होईल तुझ्यावर. मूर्ख आहेस." वाटलं, आता दिपालीला कळेल की मी तिच्यासाठी... पण ती भावाच्या गाडीवर बसून कधीच निघून गेली होती. आणि तिच्यासाठी काय केलं मी? खरं सांगितलं, एवढंच. ते तर सत्तावीस तारखेला फोन उचलूनही करता आलं असतं.

१६ डिसेंबर

दुसरीकडून कळायच्या आधी मीच वाहेदभाईंच्या घरी गेलो.

सायराभाभी अंगणात गहू निवडत होत्या. अरमान एका मोटारीची जळकी तार उलगडत होता. "ये, बस," म्हणाल्या. चहाचं आधण ठेवायला उठल्या. मी म्हटलं, भाभी, आधी ऐका. उभ्यानंच सगळं सांगितलं. बॅटरी, रेषा, फोन. आणि दवाखान्यात मी काय म्हणालो ते.

अरमाननं तार खाली ठेवली. मला वाटलं मारेल. मारायला हवं होतं. तो नुसता म्हणाला, "म्हंजे अब्बाचं काही चुकलं न्हवतं?"

"चढायला नको होतं. पन वायर चुकली न्हाई त्यांची."

भाभी खाली बसल्या. गव्हाच्या सुपात हात तसाच. म्हणाल्या, "तू गेल्यावर तीन दिवस ते काय करत व्हते, ठाव हाय का तुला?"

मग त्यांनीच सांगितलं.

"वायरी मोजत व्हते. हात न्हवता, तर डोळ्यानं मोजायचे, वर पंख्याकडं बघून. म्हनायचे, सायरा, वडाच्या खांबावर तीन. विहिरीच्या खांबावर तीन, खाली एक. नांदूरघाटाच्या वळणावर... तिथं कुठली गं दुसरी लाइन? तिथं तर दुसरी लाइनच न्हाई. परत पहिल्यापासनं. मी म्हणायची, निजा आता. ते म्हणायचे, थांब, सापडंल. शेवटच्या दिशी पण म्हनले, एक खांब राहतोय मोजायचा."

"अम्मी, बास," अरमान म्हणाला.

त्या थांबल्या नाहीत. वडाच्या खांबावर तीन, विहिरीच्या खांबावर तीन, खाली एक. त्यांना सगळी लाइन पाठ झालीय.